लेखाच्या शेजारचे चित्र

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र निघायचे ठरले म्हणजे प्रथम लेख मागविले जातात, मागोमाग कविता येतात; चित्रकाराची आठवण होते ती पान जुळविताना कोपऱ्यात चार बोटे जागा उरली तर. ही रीत मोडण्यास जरीपटक्यासारखे योग्य स्थळ नागपुरात क्वचितच सापडेल. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती वाढविली. सिंधी, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा येथे शेजारी नांदतात. मराठीतील वैचारिक लेख प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सहजतेने वाचता येईल असे नाही. त्याच्या शेजारचे चित्र मात्र सर्वांना एकाच वेळी दिसते. म्हणूनच मतलेखांसाठी चित्रे काढण्याचे निमंत्रण विद्यार्थी चित्रकारांना द्यावयाचे ते शोभेसाठी नव्हे, विचार पोहोचावा यासाठी.

चित्रकारांची वाण नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना बसणारी मुले शाळाशाळांतून आहेत. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालयही आहे. परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा विज्ञान शाखेकडे वळलेल्या मुलाची पेन्सिल वहीच्या मागच्या पानापुरतीच उरते. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने प्रवेश नाकारला होता. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात शिकत असतानाच ते आपले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांसाठी चित्रे काढू लागले. ‘ललित’ मासिकातील जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळा’ला चेहरा देणारे वसंत सरवटे हे पेशाने अभियंता होते. तेव्हा निमंत्रणाच्या सूचनाफलकावर कोणत्याही शाखेची अट नसावी, हे उघड आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. चित्रकाराने लेखकाचीच री ओढावी काय? १९७० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखासमोरचे पान मतलेखांसाठी खुले केले, तेव्हा तेथील चित्रांनी लेखातील मजकुराची नक्कल करण्याचे नाकारले. चित्र स्वतःच्या पायावर उभे राहिले, आणि वाचकाला एकाच विषयावर दोन मनांचा विचार मिळाला. विद्यार्थ्यांच्या पानावरही हेच घडावयास हवे. ‘येथे एक मशाल आणि एक पुस्तक काढून दे’ असे सांगून मिळते ते चित्र नव्हे, ती वेलबुट्टी होय.

मार्गदर्शक प्राध्यापकांना अशा स्वातंत्र्याची भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. संविधाननिर्मितीच्या संथ गतीवर शंकर यांनी १९४९ साली काढलेले व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयावर हल्ला झाला. हा हल्ला निंद्यच होता. पण गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू हे दृश्य पाहून अनेकांना मनापासून वेदना झाल्या, हेही तितकेच खरे. जरीपटक्याला लागूनच असलेल्या इंदोऱ्यात ते चित्र कसे पाहिले जाईल, याचा विचार संपादकाने करू नये काय? मात्र यावरून चित्रेच नकोत असा निष्कर्ष काढणे म्हणजे ठेच लागली म्हणून चालणे सोडण्यासारखे आहे. चित्र छापण्यापूर्वी निरनिराळ्या घरांतून आलेल्या चार विद्यार्थ्यांनी ते एकत्र पाहावे, चर्चा करावी. बदल करावयाचा की नाही हे चित्रकारानेच ठरवावे, आणि छापण्याचा निर्णय व त्याची जबाबदारी संपादकाने उचलावी. चर्चेतून निघालेला नकारही भीतीपोटी आलेल्या नकारापेक्षा अधिक शिकवून जातो.

यासाठी फार खर्च लागत नाही. चित्रकाराला लेख निदान आठवडाभर आधी वाचावयास मिळावा, चित्राखाली त्याचे नाव लेखकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत असावे, आणि लेखकाला मानधन मिळत असेल तर चित्रकारालाही मिळावे. एवढे पाळले गेले, तर वहीच्या मागच्या पानावरची पेन्सिल पुढच्या पानावर येईल. उद्याचा नागरिक मत मांडावयास शिकतो ते केवळ शब्दांतून नव्हे. रेषेनेही असहमती दाखविता येते, आणि ती सभ्यपणे दाखविता येते, हा धडा देण्यास महाविद्यालयाहून चांगली जागा कोणती?