ऑफिसचा कुत्रा नेमका कुणाचा?



‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध दिला की वर्गातल्या निम्म्या वह्यांत कुत्रा हमखास सापडतो. ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे पहिले वाक्य तर ठरलेलेच! आज आपण प्रश्न जरा उलटा विचारू. माणूस कुत्र्याशी इमानी असतो का? उत्तर शोधायला घराऐवजी ऑफिसात जाऊया.

आपल्या शिरूर-दौंड भागात ऑफिसे नाना तऱ्हेची. तहसील कचेरी, पंचायत समिती, बँकेची शाखा, साखर कारखान्याचे कार्यालय, रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीतल्या कंपन्या. दिवसाचे आठ-नऊ तास जिथे जातात, ती जागा माणूस आपलीशी करणारच. टेबलाच्या काचेखाली बघा : कुलदैवताचा फोटो, मुलांचे पासपोर्ट फोटो, गाड्यांचे वेळापत्रक. कोपऱ्यात बाटलीतला मनी प्लांट, भिंतीवर कालनिर्णय. बऱ्याच कारखान्यांत ‘फाइव्ह एस’ नावाची जपानी शिस्त असते. गरज नसलेली वस्तू टेबलावर ठेवायचीच नाही. तरी सॉफ्ट बोर्डवर एखादा फोटो टाचलेला असतोच, आणि अलीकडे त्या फोटोत कुत्राही दिसू लागला आहे.

हा कुत्रा बऱ्याचदा ऑफिसच्या आवारातलाच असतो. पावसात भिजलेले पिल्लू वॉचमनच्या केबिनशी येते, कुणी डब्यातली पोळी टाकते, कुणी बिस्किटाचा पुडा फोडते, कुणीतरी ‘शेरू’ म्हणून हाक मारते. महिनाभरात शेरू ऑफिसचा स्टाफ होतो. त्याच्याबरोबर सेल्फी निघतात, त्याचा फोटो टेबलावर येतो. हे सगळे छानच आहे. कामाच्या रगाड्यात शेपूट हलवणारा जीव दिसला की कुणाचाही चेहरा खुलतो.

पण माझे मत स्पष्ट आहे. ज्या कुत्र्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर नाही, तो सगळ्यांचा लाडका असला तरी बेवारसच असतो.

आता हिशेब करून बघा. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लागले की ते सोमवारी उघडते. शनिवार-रविवार शेरूला कोण खायला घालते? दिवाळीच्या सुट्टीत कोण? पुढचा हिशेब बदलीचा. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यात एका जागी राहण्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. कुत्रा नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे सहज जगतो. म्हणजे त्याच्या एका आयुष्यात साहेब तीन-चार वेळा बदलतात! प्रत्येक निरोप समारंभात नारळ-शाल दिली जाते, टेबलावरचा फोटो पिशवीत जातो, आणि फोटोतला जीव गेटपाशीच राहतो.

लंडनचे उदाहरण घ्या. ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या कार्यालयात लॅरी नावाचे मांजर २०११ मध्ये प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणले गेले. त्यानंतर पंतप्रधान एकामागून एक बदलत गेले, पण लॅरी राहिला. का? तो कुठल्या एका साहेबाचा नव्हता. त्याला सांभाळण्याचे काम तिथल्या कर्मचाऱ्यांनी आपले मानले होते. लाड बदलीबरोबर जातात, ठरवून घेतलेली जबाबदारी मागे राहते.

आपल्याकडे तर हा प्रश्न जिवावरचा आहे. शिरूर तालुक्याला बिबट्या काय असतो ते सांगायची गरज नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आढळले, की तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. उसाच्या फडालगत असलेल्या ऑफिसच्या आवारात रात्री उघड्यावर कुत्रा सोडणे म्हणजे काय, हे यावरून समजते. आपण कुत्र्याचा जीव धोक्यात घालतोच, शिवाय रात्रपाळीच्या वॉचमनचाही!

दुसरा धोका रेबीजचा. हा आजार लाळेतून पसरतो आणि लक्षणे दिसू लागली की जवळपास कुणी वाचत नाही. म्हणून चावा लागताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचे. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही, बरं का! पण मुळात शेरूला लस दिली होती का, हे कुणाला तरी माहीत हवे ना? चावा घेतल्याच्या दिवशी मात्र काल सेल्फी काढणारेच म्हणतात, “आमचा नाही हो तो, असाच येतो.”

कायदाही आता हाच प्रश्न विचारू लागला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले, की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे. रेबीजबाधित किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. कुत्रा दत्तक घेण्याची वाटही त्या आदेशात आहे, पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी आदेश झाला, की शैक्षणिक संस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत, परत तिथेच सोडू नयेत. म्हणजे शिरूरचे एसटी स्टँड आले, दौंड जंक्शन आले आणि आपली शाळाही आली. तिथल्या लाडक्या शेरूसाठी सर्वांत खात्रीचा आसरा म्हणजे कुणाचे तरी घर.

यावर कुणी म्हणेल, “सर, निदान पोळी तरी टाकतात ना बिचारे! तुम्ही एवढे नियम लावले तर तीही टाकणार नाहीत.” मुद्दा खोटा नाही. पोळी टाकणाऱ्याच्या मनात दया असतेच. पण संत नामदेवांची गोष्ट आठवा. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भाकरी तर कुत्र्याला मिळालीच होती. त्याला आणखी काय हवे, हे बघून त्यासाठी धावणे, हे नामदेवांचे मोठेपण.

माझ्या ओळखीच्या एक ताई शिरूरच्या एका ऑफिसात काम करतात. न्हावऱ्याच्या रस्त्यावर पाय मोडलेले पिल्लू त्यांना सापडले. त्यांनी ते आधी डॉक्टरांकडे आणि मग थेट घरी नेले. आज त्यांच्या टेबलावर त्या कुत्रीची फ्रेम आहे, आणि फ्रेमच्या मागच्या बाजूला लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स चिकटवलेली आहे. पुढच्या डोसची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवली आहे. ऑफिसच्या टेबलाची यापेक्षा चांगली सजावट मी पाहिलेली नाही.

प्रत्येकाला घरी कुत्रा नेता येणार नाही, हे मान्य. मग ऑफिसने एवढे तरी करावे. एका वहीत दोन नावे लिहावीत : एक सांभाळणाऱ्याचे, दुसरे तो रजेवर असताना बघणाऱ्याचे. नसबंदी आणि दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नये. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण करतात, ती ओळखायला शिकावे. रात्री बंदिस्त जागा द्यावी. चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला अपायकारक असतात, ते देऊ नये. आणि बदली झाली, तर चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर शेरूचे कार्डही नव्या माणसाच्या हाती द्यावे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. पुढच्या निबंधासाठी एक काम करा. आई-बाबांच्या ऑफिसजवळ, दुकानाशी किंवा वस्तीवर राहणाऱ्या एखाद्या कुत्र्याची चौकशी करा. त्याला खायला कोण घालते, लस कधी दिली आणि तो कुणाच्या नावावर आहे, हे तिन्ही प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तेच तुमच्या निबंधाचे पहिले वाक्य करा.