रक्त गाळण्याआधी बीपीची गोळी सांगा

प्रश्न : अम्मींना मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. डॉक्टरांनी इम्युनोॲडसॉर्प्शन सुचवलं आहे. त्याचा त्रास होतो का?

उत्तर : या आजारात शरीराच्याच अँटिबॉडीज स्नायूंकडे जाणारा संदेश अडवतात. मशीन रक्तातला प्लाझ्मा वेगळा करून अँटिबॉडीज गाळतं आणि अम्मींचाच प्लाझ्मा त्यांना परत देतं.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरलं, तर कॅल्शियम कमी होऊन ओठांना, बोटांना मुंग्या येतात. अम्मींनी संकोच न करता लगेच नर्सला सांगावं. कॅल्शियम दिल्यावर आराम पडतो. कधी रक्तदाब उतरून चक्कर येते. संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडीजही निघून जातात, म्हणून नंतर ताप आला किंवा नळीच्या जागी लाली, पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सर्वांत महत्त्वाचं, एनालाप्रिल, रामिप्रिल अशी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ती घेतलेली असताना हा उपचार झाला, तर रक्तदाब एकाएकी धोकादायकरीत्या कोसळू शकतो. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. कधी थांबवायची आणि तिच्याऐवजी काय द्यायचं, हे डॉक्टर ठरवतील. जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या सोबत न्या.