दफ्तर ज्याचे, पुराव्याचा भार त्याचा

आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्लाही नाही. विषय आहे अपंगत्व निवृत्तिवेतनाचा. म्हणजे सैन्यसेवेत असताना ज्याचे शरीर किंवा मन कायमचे दुखावले, त्या सैनिकाच्या हक्काच्या पैशांचा, आणि ते पैसे हाती येईपर्यंत उलटून जाणाऱ्या वर्षांचा. विषय रुक्ष वाटेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला रोज छळणारा प्रश्नच येथे उभा आहे: पुरावा कोणी द्यायचा, आणि तो आहे कोणाच्या ताब्यात?

एका खटल्यापासून सुरुवात करू. धरमवीर सिंह १९८५ मध्ये सिग्नल्स कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरती करून घेताना सैन्याच्याच डॉक्टरांनी त्यांना तपासले होते. कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १९९४ मध्ये, अपस्माराच्या कारणावरून त्यांना घरी पाठवण्यात आले. वैद्यकीय मंडळाने अपंगत्व २० टक्के ठरवले आणि शेजारी मत नोंदवले की हा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. त्या एका मतावर निवृत्तिवेतन नाकारले गेले. उच्च न्यायालयात एकसदस्यीय पीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, द्विसदस्यीय पीठाने तो फिरवला, आणि अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा त्यांच्या पदरात टाकला. १९९४ ते २०१३. एकोणीस वर्षे.

या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवे असे काही निर्माण केले नाही, ही माझ्या मते त्यातील सर्वांत बोचरी गोष्ट. न्यायालयाने आधार घेतला तो शासनाच्याच १९८२ च्या नियमांचा. त्या नियमांत स्पष्ट म्हटले होते की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे धरून चालावे. हक्क सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. आणि रास्त शंका उरत असेल तर तिचा फायदा त्याला द्यावा. मंडळाचे मत याच्या विरुद्ध असेल तर त्याला कारणे हवीत, आणि ती येथे नोंदवलेलीच नव्हती. शासनाचा नियम शासनालाच वाचून दाखवायला एका शिपायाची एकोणीस वर्षे खर्ची पडली.

दिरंगाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूळ खात पडलेल्या फायली आणि चहाला गेलेला कारकून येतो. कारकुनाला दोष देणे सोपे असते. पण या प्रकरणातील वर्षे टेबलावरून टेबलावर जाण्यात गेली नाहीत. ती गेली ‘कशामुळे?’ या एका प्रश्नात, आणि त्याचे उत्तर कोणी द्यायचे या वादात.

तो वाद मिटला असेही नाही. २००८ मध्ये नवे नियम आले. त्यांत पुराव्याची जबाबदारी दावेदारावर ‘सामान्यतः’ नसेल असा शब्द आला. आणि सेवा सोडल्यावर पंधरा वर्षांनी दावा केला तर ती त्याच्यावरच असेल, असेही आले. कायद्याच्या मजकुरात एखादे क्रियाविशेषण किती माणसांना रांगेत उभे करते, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा. मनाचे आजार तर अनेकदा उशिराच ओळखले जातात. आणि पंधरा वर्षांनंतर पुरावा द्यायचा तो कशातून? शिपायाची भरतीची तपासणी, रुग्णालयातील दाखले, मंडळाची कार्यवाही, कोणत्या चौकीवर किती काळ होता त्याची नोंद, सगळे सैन्याच्या दफ्तरात. त्याच्या ट्रंकेत असतो तो एखादा दाखला आणि पदके.

दफ्तर राज्याकडे असण्याचा अर्थ काय होतो, हे अमेरिकेत एका आगीने दाखवून दिले. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस शहराजवळील राष्ट्रीय अभिलेख केंद्राला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सैनिकी कागदपत्रांच्या संचिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के सैनिकांचे अभिलेख त्यात गेले. दोन्ही महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध लढलेली ही माणसे. कागद जळाले सरकारच्या छताखाली. पर्यायी कागदपत्रे, जुनी पत्रे, सोबत्यांच्या साक्षी जमवण्याची पायपीट मात्र दावेदारांच्या वाट्याला आली.

त्याच देशाने उलट वाटही चोखाळली आहे. १९६२ ते १९७१ या काळात व्हिएतनामच्या जंगलांवर ‘एजंट ऑरेंज’सारखे पाने झडवणारे रसायन फवारले गेले. कोणत्या सैनिकाच्या अंगावर ते किती पडले, हे कोणता सैनिक सिद्ध करणार? १९९१ च्या कायद्याने मान्य केले की व्हिएतनाममध्ये सेवा केली असेल तर संपर्क आला असे धरावे, आणि ठरावीक आजार झाले असतील तर ते त्यामुळेच झाले असे धरावे. फवारणी थांबल्यापासून वीस वर्षांनी का होईना, ‘कशामुळे?’ हा प्रश्न सैनिकाच्या डोक्यावरून उतरला.

पुढे रांग संपली का? नाही, काही काळ वाढलीच. मार्च २०१३ मध्ये १२५ दिवसांहून अधिक काळ पडून असलेले दावे सहा लाखांच्या वर होते, आणि यादीत नवे आजार आल्याने दावे वाढले हे त्याचे एक कारण होते. पण ती रांग माणसे वाढवून आणि कागद संगणकावर आणून पुढच्या दोनेक वर्षांत लक्षणीय घटली. कामाच्या ओझ्याची रांग अशी उपसता येते. अविश्वासाची रांग कितीही संगणक आणले तरी उपसत नाही.

आता प्रतिक्रियांत कोणीतरी म्हणेलच, ‘शिवकाळात असे नव्हते.’ सभासद बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची हकिकत आहे: मृतांच्या मुलांना चालवले, मुलगा नसेल तर पत्नीला निमे वेतन दिले, आणि जखमींना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. बखर राजाराम महाराजांच्या काळात, घटनेनंतर तीसहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. तेव्हा ती हिशेबाची वही म्हणून वाचू नये. चांगल्या राजाने काय करावे याविषयीची त्या काळची समजूत म्हणून मात्र जरूर वाचावी. तलवारीची जखम दिसते आणि तिचे कारण विचारावे लागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. अपस्मार, बहिरेपण, रात्रीची झोप उडणे यांवर वार झाल्याची खूण नसते. आपली अडचण तेथे सुरू होते.

शासनाची बाजूही आहे. निवृत्तीच्या तोंडावर मधुमेह किंवा रक्तदाब दाखवून लाभ घेतला जातो, अशी तक्रार होते, आणि २०२३ च्या नव्या नियमांच्या वेळी ती उघडपणे मांडली गेली. गैरवापर असेल तर तो त्या त्या प्रकरणात कारणे लिहून नाकारावा. मंडळाला तो अधिकार आहेच. सरसकट संशयाची किंमत बहुतेकदा तो भरतो ज्याला वकील परवडत नाही.

आणि वेळ कोणाच्या बाजूने धावते तेही पाहा. तरसेम सिंह १९८३ मध्ये सैन्यातून बाहेर पडले आणि १९९९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांचा हक्क कायम ठेवला, पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. मुदतीच्या कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल. पण ज्याला आपला हक्क आहे हेच कोणी सांगितले नाही, त्याची मधली तेरा वर्षे शासनाच्या बचतीत जमा झाली.

मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सैनिकांविरुद्धची अशी अपिले थांबवावीत अशी शिफारस केली होती. अपिले त्यानंतरही होत राहिली. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले; त्याचे एक पीठ मुंबईत आहे, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी. ही सोय मोलाची, पण सदस्यांची पदे रिकामी राहिली की तेथेही तारखाच मिळतात.

माझे मत सरळ आहे: ज्याच्या हाती दफ्तर, त्यानेच ‘सेवेमुळे नाही’ हे सिद्ध करावे, तेही लिखित कारणांसह आणि ठरावीक मुदतीत. मुदत उलटली तर दावा मान्य धरावा.

तोवर, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगरकडच्या ज्या वाचकांच्या घरात एखादे काका किंवा आजोबा सैन्यातून आजारपणामुळे परत आले असतील, त्यांनी जुनी ट्रंक उघडावी. सेवामुक्तीचा दाखला जपून ठेवावा. वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत घरात नसेल तर माहिती अधिकाराखाली मागवावी, आणि ती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. त्या कागदावर ‘सेवेमुळे नाही’ असे लिहिले असेल, तर त्याखाली कारण लिहिले आहे का, ते आधी पाहावे.