एकाच वाटेचा टोल किती वेळा?

मुंबई-नाशिक महामार्गावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला पडघा आठवते ते टोलनाक्यामुळे. भिवंडीच्या गोदामांचे ट्रक टोल भरून पुढे जातात. माझे वडील अशाच एका गोदामात हमाली करतात आणि घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वाहतुकीचा हिशेब पुस्तकांच्या आधी कानावर पडला. सध्या असाच एक टोल डोळ्यांना न दिसणाऱ्या रस्त्यावर बसवावा, अशी मागणी आहे. तो रस्ता म्हणजे इंटरनेट.

मोबाईल कंपन्यांचे म्हणणे असे, की मनोरे आम्ही उभारायचे, लिलावात स्पेक्ट्रम आम्ही घ्यायचे आणि आमच्या जाळ्यावरून व्हिडिओ धाडून पैसा मात्र नेटफ्लिक्स, यूट्यूब यांनी मिळवायचा! या आयत्या बिळावरच्या नागोबांनी खर्चाचा रास्त वाटा उचलावा, असा 'सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया' या त्यांच्या संघटनेचा आग्रह आहे.

वरवर पाहता हे पटते. जड वाहनाला जादा टोल, हा नाक्यावरचाही नियमच आहे. पण खोलात गेले की गोम दिसते. व्हिडिओ आपण होऊन माझ्या मोबाईलवर येत नाही. मी मागवितो म्हणून येतो आणि त्याचे पैसे मी रिचार्ज करताना मोजलेले असतात. जुलै २०२४ मध्ये जिओचा २३९ रुपयांचा रिचार्ज २९९ रुपये झाला, तो भार आमच्यासारख्या घरांनीच सोसला. दुसऱ्या टोकाला या सेवाही आपल्या जोडणीचा खर्च करतात. नेटफ्लिक्स तर आपली साठवणयंत्रे इंटरनेट कंपन्यांच्या दारात नेऊन ठेवते. दोन्ही टोकांना पैसे भरले गेल्यावर मध्ये तिसरा टोल कशाला?

दक्षिण कोरियात हे भांडण कोर्टात गेले. एस. के. ब्रॉडबँड व नेटफ्लिक्स यांनी २०२३ मध्ये तडजोड केली. पण ट्विच या सेवेने तेथील जाळ्याचा खर्च बहुतेक देशांच्या दसपट असल्याचे सांगून फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. ट्विच ॲमेझॉनची! धनाढ्यांची ही गत, तर मराठीत व्याख्याने दाखविणाऱ्या छोट्या संस्थेचे काय होईल? कंपन्या म्हणतात, 'आम्ही फक्त मोठ्यांकडूनच घेऊ.' पण नाका एकदा बसला, की उद्या तो कोणाला अडवील, हे कोणी सांगावे?

शिवाय महामार्गाच्या नाक्यावर दराचा फलक असतो. ट्रक कोणाचाही असो, दर तोच. येथे मात्र रस्त्याचा मालकच ट्रकवाला आहे. जिओ रिलायन्सची आणि २०२५ मध्ये सुरू झालेल्या जिओहॉटस्टारवरही रिलायन्सचेच नियंत्रण. त्यांचा टोल या खिशातून त्या खिशात जाईल; परक्याचा मात्र खरोखरीच जाईल आणि शेवटी तो प्रेक्षकाच्या वर्गणीतूनच वसूल होईल.

मनोऱ्यांचा खर्च खोटा आहे, असे मी म्हणत नाही. महामार्ग सोडून पाड्यांकडे वळले, की रेंज जाते. पण त्यासाठी सरळ वाट आहे. दूरसंचार कंपन्यांच्या ठरावीक उत्पन्नातील ५ टक्के वाटा अशाच भागांसाठीच्या सरकारी निधीत जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव दिले. व्हिडिओ सेवांकडून काही घ्यायचेच असेल, तर ते सरकारने कायदा करून घ्यावे, या निधीत टाकावे आणि हिशेब सर्वांसमोर मांडावा. खासगी नाका नको.

मित्रहो, २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेल्या आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो. आज मात्र आपल्याला लिहिता येते. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत, तेथे मोबाईलवरची व्याख्याने हीच शिकवणी असते. ट्राय पुन्हा मते मागवील, तेव्हा आपल्या कॉलेजातूनही चार पत्रे गेली पाहिजेत.