हातमोज्याचं प्रगतिपुस्तक

दोस्तांनो, कारखान्यातल्या जाड हातमोज्यावर हातोडीचं चित्र पाहिलंय कधी? त्याखाली ४१३१ असं काहीतरी छापलेलं असतं. ही किंमत नव्हे हं! 'ईएन ३८८' या युरोपीय मानकाने दिलेले हे गुण. एकेक आकडा सुटा वाचायचा : घासणं, कापणं, फाटणं, टोचणं. कापण्याचे गुण ५ पैकी, बाकीचे ४ पैकी. म्हणजे आपला हा मोजा घासण्यात पहिला, कापण्यात मात्र जेमतेम पास! धारदार पत्रा उचलायला नकोच. २०१६ पासून पुढे 'ए' ते 'एफ' असं अक्षरही येतं; त्यात एफ सर्वांत चिवट (शाळेच्या उलट!). टोचण्याची परीक्षा जाड, बोथट टोकाने घेतात. त्यामुळे इंजेक्शनची बारीक सुई ४ गुणवाल्या मोज्यातूनही आरपार जाऊ शकते. घंटागाडीवरच्या काकांनी असा मोजा घातलेला असला, तरी घरातली सुई कचऱ्यात सुटी टाकू नका.