पडद्यावरची रात्र: निळी की पिठूर?

साहित्याच्या चर्चेत व्हिडिओ गेम आणणे काहींना अस्थानी वाटेल. परंतु रात्र कशी उभी करावी, हा प्रश्न लेखकाइतकाच गेमचा मॅप रचणाऱ्यालाही पडतो. आणि त्याची चूक अधिक उघडी पडते, कारण त्याच्या रात्रीतून आपल्याला चालत जायचे असते.

या प्रश्नाचे रूढ उत्तर निळे आहे. दिवसाच्याच मॅपवरचा प्रकाश उतरवायचा आणि वर निळी छटा चढवायची. ही युक्ती चित्रपटांकडून आली. दिवसा चित्रण करून ते रात्र म्हणून खपवण्याच्या या पद्धतीवरूनच त्रुफोने १९७३च्या आपल्या चित्रपटाला 'अमेरिकन रात्र' अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले.

वस्तुतः चांदणे निळे नसतेच. तो परावर्तित सूर्यप्रकाश, किंबहुना किंचित तांबूसच. पौर्णिमेलाही सूर्यप्रकाशाहून सुमारे चार लाख पटींनी क्षीण. निळेपणा आहे तो आपल्या डोळ्यांत. उजेड मंदावला की रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. तांबडे आधी काळवंडते, निळसर-हिरवे त्यामानाने उजळ राहते. पुर्किन्येने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नोंदवले होते. तेव्हा निळा रंग ओतण्याआधी बाकीचे रंग काढून घ्यायला हवेत. 'पिठूर चांदणे' या आपल्या शब्दाचा रूढ अर्थ पांढरेशुभ्र चांदणे असा असला, तरी मला त्यात पीठ भुरभुरल्यागत झाकले गेलेले रंगही दिसतात.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. 'डूम ३' (२००४) या गेममध्ये प्रकाशाचे गणित खेळ चालू असतानाच होत असे, सावल्या रेखीव पडत. पण भिंतीवरून परतणारा उजेड त्या गणितात नव्हता. परिणामी दिव्याच्या वर्तुळाबाहेर नुसते डांबर. त्यात टॉर्च आणि बंदूक एकदम धरता येत नसे (२०१२च्या आवृत्तीत ती सोय झाली). त्याच वर्षीच्या 'हाफ-लाइफ २'ने परावर्तित उजेड आधीच मोजून पृष्ठभागांवर चढवून ठेवला होता. त्याच्या रेव्हनहोम या उजाड गावातला अंधार मला अधिक खरा वाटतो, कारण तिथे अंधारालाही पायऱ्या आहेत.

तरीही वास्तवाच्या सर्वांत जवळ गेला तो १९९८चा, ओबडधोबड चित्रांचा 'थीफ'. त्यात पडद्याच्या तळाशी एक रत्न असते; आपण किती उजेडात आहोत हे ते सांगते. पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येते, विजेचा दिवा मात्र विझत नाही. इतर गेममध्ये खेळणारा अंधाराला कंटाळून पडद्याची प्रखरता वाढवतो आणि रचनाकाराची सारी रात्र राखाडी होते. 'थीफ'मध्ये प्रखरता कितीही वाढवा, लपण्यात काही फरक पडत नाही. तिथला अंधार पहारेकऱ्याच्या नजरेत असतो.