गुडघ्याचा मलम आणि जास्वंदीवरचा मावा

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ७६ वर्षांच्या आजोबांना त्यांच्या सूनबाईंनी रिक्षातून माझ्या दवाखान्यात आणले. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, पोटात कळा आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. जास्वंदीवर मावा पडला, म्हणून गावाहून आणलेले शेतातले कीटकनाशक त्यांनी बंद बाल्कनीत, अंदाजाने पाण्यात मिसळून, फवारले होते. कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुतले, अॅट्रोपीन टोचले आणि रुग्णालयात धाडले. चार दिवसांनी घरी परतल्यावर त्यांनी पहिली चौकशी जास्वंदीची केली!

त्या प्रसंगानंतर मी मावा या जिवाविषयी थोडे वाचले. शत्रूने पकडले की मावा शरीरातून फार्नेसीन नावाचे द्रव्य सोडतो. त्याचा वास येताच आसपासचे भाऊबंद पानावरून पळ काढतात किंवा खाली पडतात. मावा रस शोषू लागला की अनेक वनस्पतीही गंध सोडतात. त्यांतला एक मिथाइल सॅलिसिलेटचा. हा गंध तुमच्या परिचयाचा आहे. गुडघ्याला चोळायच्या अनेक मलमांचा उग्र वास तो हाच. त्याने माव्याचे शत्रू, ढालकिडे आणि क्रायसोपा, ओढले जातात.

मग हे गंध आपणच निर्माण केले तर? २००६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ई. कोलाय या जिवाणूत जनुके घालून त्याच्याकडून हाच मलमाचा वास काढून घेतला. फार्नेसीनही सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येते. असे निरुपद्रवी केलेले जिवाणू पिकाजवळ ठेवून माव्याला पिटाळावे, ही कल्पना त्यातूनच पुढे येते. जनुक बदललेल्या जिवाणूंचे नाव ऐकून दचकू नका. मधुमेहासाठी आपल्यापैकी अनेक जण टोचून घेतात ते मानवी इन्सुलिन १९८२ पासून अशाच जिवाणूंकडून मिळू लागले.

तरीही घाईने हुरळून जाण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन संस्थेने गव्हातच फार्नेसीनचे जनुक घातले. प्रयोगशाळेत मावा पळाला. २०१२ व २०१३ मध्ये शेतात मात्र साध्या गव्हाच्या तुलनेत काहीच फरक पडला नाही. खरा मावा संकटात क्षणभर गंध सोडतो, हा गहू तो अखंड सोडत होता. हे एक कारण संशोधकांनी सुचवले. ‘लांडगा आला रे’ ही गोष्ट माव्यालाही लागू पडत असावी. जिवाणूंकडून हे काम करून घेताना गंध केव्हा सोडायचा, हाच प्रश्न अवघड ठरणार. शिवाय शेतात सोडलेला जिवाणू परत कसा बोलवायचा, हा प्रश्न आहेच. मला तो लहान वाटत नाही.

तोवर घरच्या कुंडीसाठी पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा असतो. पानांच्या खालच्या बाजूसही मारावा. अगदी सौम्य साबणाचे पाणी चालते, मात्र आधी दोन-चार पानांवर लावून पाहावे. कुंडीत मुंग्यांची ये-जा असेल तर ती थांबवावी. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून त्या त्याची राखण करतात. शेतातली औषधे घरात ठेवूच नका आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतू नका. अंगावर उडाल्यास कपडे काढून साबणाने धुवा. पोटात गेल्यास उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

मलमाविषयीही एक सूचना. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेणाऱ्यांनी असा मलम रोज, सढळ हाताने चोळू नये. रक्तस्रावाचा धोका वाढतो. नातवंडांच्या हाती तर डबी मुळीच लागू देऊ नये, कारण हे तेल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

गेल्या महिन्यात त्याच आजोबांनी मोबाइलवर छायाचित्र पाठवले: “डॉक्टर, ही नवी कीड कोणती?” काळपट, मगरीसारखी लांबट, पाठीवर नारिंगी ठिपके. ती ढालकिड्याची अळी होती. तिला हात लावू नका, असे मी तातडीने कळवले.